कोऱ्या घे, अक्षरं नको

माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर एक राखाडी टिकली बसलीय, मोहरीएवढी, नखाने निघत नाही आणि काच बदलायची मला इच्छा पण नाही. शिशाची आहे ती. चष्मा नसता तर ती कुठे बसली असती हे बायकोने मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता कोणी विचारलं की मीच तिच्या आवाजात सांगतो. तर ती कशी बसली ते लिहायचंय, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल कारण ही भानगड सुरू झाली वरळीच्या रेंजवर आणि शिसं ओतलं वेसाव्याला, आणि मध्ये गिरगावातल्या खाटेखालची एक पत्र्याची पेटी आहे.

मी दहा मीटर एअर पिस्तुल मारतो. हौशी. मेडल वगैरे काही नाही, राही सरनोबतचं नाव घेऊन अंगावर काटा येणाऱ्यांपैकी मी एक, बाकी माझा स्कोअर मी घरी पण सांगत नाही. दहाची रिंग साडेअकरा मिलिमीटरची असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी, आणि त्या बटणापायी मी दर रविवारी सकाळची झोप सोडतो. अधूनमधून क्लबच्या .३२ रिव्हॉल्व्हरवर हात साफ करायला मिळतो, पण तिथे सगळं मोजून, राउंड म्हणजे काडतुसं मोजून घ्यायची, रिकाम्या केसेस, उडालेल्या काडतुसांची टरफलं, मोजून परत द्यायची, आणि सिलिंडर सहाचं असलं तरी आपल्या मनात हिशोब चालू की आज किती उरले. एअर पिस्तुलाचे छर्रे डबीने उडवणाऱ्या माणसाला हे फार जाचक वाटतं. हात बसायला लागला की राउंड संपलेले असतात.

मग रात्री मोबाईलवर बघायला लागलो की बाकीचे लोक काय करतात. आणि तिकडे अमेरिकेत बघतो तर काय, पासष्ट-सत्तरीचे आजोबा गॅरेजमध्ये ॲप्रन लावून बसलेत, समोर विजेवर चालणारं शिशाचं भांडं, हातात साचा, आणि गोळ्या पाडतायत, आपल्याकडे दिवाळीत बायका करंज्या पाडतात त्या तालावर. साचा भरायचा, वरची पट्टी लाकडी दांड्याने ठोकून सरकवायची म्हणजे ओतणीचा जास्तीचा तुकडा कापला जातो, साचा उघडायचा, चकचकीत गोळी खाली टॉवेलवर टप्प. परत. परत. तासन्‌तास. मी एकदा दीड तास हे बघत बसलो आणि मला आठवलं की मी मुळात बातम्या बघायला मोबाईल उघडला होता.

त्यात बघण्यासारखं खरंच भरपूर आहे. म्हणजे आपल्याला वाटतं शिसं म्हणजे शिसं, वितळवलं की झालं. तसं नाही. नुसतं शुद्ध शिसं एवढं मऊ असतं की नखाने ओरखडा पडतो, आणि तशी मऊ गोळी जरा वेगाने मारली की नळीच्या आतल्या आट्यांवर शिशाचा लेप बसत जातो, मग तो खरवडत बसा आणि नेम बोंबलतो ते वेगळंच. म्हणून त्यात थोडं कथील आणि अँटिमनी घालतात. लायमन नंबर दोन म्हणून एक जुनं मिश्रण आहे, त्यात ९० टक्के शिसं, ५ कथील आणि ५ अँटिमनी. कथलाने रस साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट जातो, अँटिमनीने टणकपणा येतो. कडकपणा ब्रिनेल आकड्यात मोजतात, शुद्ध शिसं ५ आणि हे मिश्रण १५ च्या आसपास. शिवाय गोळी नळीच्या मापापेक्षा केसभर जाड हवी, एक हजारांश इंच वगैरे, म्हणजे मागचा गरम गॅस बाजूने निसटत नाही. गोळीच्या अंगावर ज्या खाचा असतात त्यात मेणाचं वंगण भरतात, मधमाशीचं मेण त्यात मुख्य. हे सगळं करून पुन्हा रिव्हॉल्व्हरची स्वतःची नखरेबाजी असतेच कारण तिथे गोळी सिलिंडरमधून निघून मधल्या फटीवरून उडी मारून नळीत शिरते, एवढीशी उडी, पण प्रत्येक भोक नळीच्या रेषेत असायला हवं.

कागदी टार्गेटसाठी जी गोळी वापरतात तिला वॅडकटर म्हणतात, ती पुढून सपाट असते, अगदी डबीच्या झाकणासारखी. टोकदार गोळीने कागद फाटतो आणि भोक नीट कळत नाही, हिने ऑफिसच्या पंचिंग मशीनसारखं गोल भोक पडतं, स्कोअर मोजणाऱ्याशी भांडण नाही. आंतरराष्ट्रीय सेंटर फायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, चालतं आणि बहुतेक लोक .३२ चीच वॅडकटर वापरतात. ती साधारण ९८ ग्रेनची असते. ग्रेन म्हणजे ज्वारीच्या दाण्याची भानगड नव्हे, जुनं इंग्रजी वजन, ७००० ग्रेनचा एक पाउंड. मी कॅल्क्युलेटर काढून बसलो, एक किलो शिशात १५,४३२ ग्रेन, म्हणजे दीडशेच्या वर गोळ्या. एक किलोत! भंगारात शिसं काय भावाने मिळतं ते मला माहीत होतं. झोप उडाली.

दुसऱ्या रविवारी रेंजवरच्या एका जुन्या सरांना मी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. ते पिस्तुल पुसत होते. मान वर पण केली नाही. म्हणाले, "ते तिकडचं. इकडे करशील तर शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात बसशील." मी म्हटलं सर नुसतं शिसं, दारू नाही, कॅप नाही, नुसता गोळा. तर म्हणाले, "१९५९ चा कायदा उघड आणि ॲम्युनिशनची व्याख्या वाच." घरी येऊन वाचली. खरंच, काडतुसाचे भाग आणि ती बनवायची यंत्रं, सगळं त्या व्याख्येतच धरलंय, आणि बनवायला परवाना लागतो. तिथे दीडशे गोळ्यांचा हिशोब संपला. सरांचं बरोबरच होतं आणि आपल्या देशात ते असंच असावं असं मला वाटतं, अमेरिकेतल्या गॅरेजचं कौतुक करणं वेगळं आणि दहिसरच्या वन-बीएचकेत ते करणं वेगळं. पण खरं सांगायचं तर मला गोळ्या नकोच होत्या बहुतेक. मला ते ओतायचं होतं. वितळलेलं चकचकीत काहीतरी ओतायचं, थांबायचं, आणि साचा उघडून बघायचं की आलं का नीट. लहानपणी गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढताना बघत तासभर उभा राहायचो, तोच किडा.

आणि त्याच आठवड्यात गिरगावात बाबांकडे गेलो होतो तेव्हा खाटेखालची पेटी दिसली.

बाबा खिळेजुळारी होते. आजच्या पोरांना हा शब्दच माहीत नाही, कंपोझिटर, छपाईचे खिळे म्हणजे शिशाची एकेक सुटी अक्षरं ओळीत लावणारा. गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं उभ्याने खिळे जुळवले, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, बिलबुकं, एका ज्योतिष्याचं पुस्तक, आणि मग नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला आणि मालकाने ट्रेडल, पायाने चालवायचं छपाईचं मशीन, भंगारात काढलं. शेवटच्या पगाराबरोबर बाबांनी अर्धी केस, म्हणजे खिळ्यांचा खणांचा अर्धा ट्रे, मागून घेतला. का मागितला ते त्यांना पण सांगता येत नाही. आई होती तोपर्यंत दर दिवाळीच्या साफसफाईत त्या पेटीवरून भांडण ठरलेलं, दोन माणसांशिवाय उचलत नाही एवढीशी पेटी.

आता गंमत बघा. त्या अमेरिकन आजोबांना सगळ्यात जास्त कशाची हाव असते तर जुन्या छापखान्यातल्या धातूची. कारण त्यात शिसं, कथील आणि अँटिमनी तिन्ही आधीच तयार असतं. लायनोटाइपचा, म्हणजे अख्खी ओळ ओतणाऱ्या छपाई मशीनचा, धातू म्हणजे ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील, कडकपणा २२. साच्यात असा भरतो की काही विचारू नका, कारण तो मुळात अक्षराची बारीकशी कड नीट यावी म्हणूनच बनवलेला. म्हणजे तिकडे छापखाने बंद पडले तेव्हा कित्येक अक्षरांच्या गोळ्या झाल्या. इकडे खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला १८६९ साली, आणि जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला तोही १८६९ सालीच. मी हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "निर्णयसागरचा खिळा बघितलायस का तू कधी? बघ आधी." झालं. खडकीबद्दल एक शब्द नाही.

पण शिशाबद्दल बोलायला लागले की मात्र थांबत नाहीत. शेंदूर शिशाचा, मारुतीला फासतात तो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आणि शिसपेन्सिलीत शिसं नसतं हे तर ते माझ्या मुलीला दर भेटीत सांगतात. छापखान्यात दुपारी गूळ द्यायचे, शिसं उतरायला म्हणून, त्यावर त्यांचा आजही विश्वास आहे. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत.

ओतायचं काय हा प्रश्न नाखव्याने सोडवला. नाखवा म्हणजे वेसाव्यातला माझा मित्र, नाव वेगळं आहे पण त्याचा बाप होडीवर नाखवा होता म्हणून हा पण नाखवा, स्वतः बँकेत नोकरीला आहे. आम्ही दोघं गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातो, कधी बँडस्टँडच्या खडकांवर, कधी मढला. खडकांवर गरवणाऱ्या माणसाचं खरं दुःख मासा न लागणं हे नाही, वजन अडकणं हे आहे. टाकलं, कपारीत गेलं, ओढलं, तंगूस म्हणजे गळाची दोरी तुटली, गेले ऐंशी ग्रॅम. एका सकाळी सहा वजनं घालवून दोन शेंगाळे घेऊन घरी आलोय मी. नाखवा म्हणाला, "विकत काय घेतोस येड्यासारखा, आमच्याकडे पागेराचं, फेकायच्या जाळ्याचं, शिसं आम्ही घरीच पाडतो." आणि त्याने माळ्यावरून त्याच्या आजोबांचा साचा काढला. सागाच्या दोन फळ्या, आतून खोदलेल्या, आणि भोकं जळून जळून कोळशासारखी काळी.

मला अर्थातच नवीन साचा हवा होता. साकीनाक्याला एक लेथवाला आहे, त्याच्याकडे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे आणि कागदावर काढलेलं चित्र घेऊन गेलो. त्याने चित्र उलटसुलट करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग आवाज खाली करून विचारलं, "गोळी-बिळी नाही ना साहेब?" मी खिशातून गळ लावलेली दोरी काढून दाखवली तेव्हा त्याने माप घेतलं. माणूस सरांपेक्षा कमी कायदेशीर नाही निघाला. बिजागरी, दांडे, चिमटा नागदेवीला मिळालं, तापमान बघायचं मीटर लोहार चाळीत.

शिसं आणलं टायरवाल्याकडून. चाकं बॅलन्स करताना रिमला जी छोटी छोटी वजनं ठोकतात ती जुनी काढून डब्यात टाकतात, तो डबा वजनावर घेतला. भंगारवाला बॅटरीच्या प्लेटा देत होता, निम्म्या भावात, त्या अजिबात घेऊ नका, त्यात ॲसिड असतं आणि त्यांच्या मळातून भलते विषारी वायू निघू शकतात. चाकाच्या वजनांत पण एक फसवणूक असते, हल्ली त्यात जस्ताची पण येतात, दिसायला सारखीच. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं आणि जस्त ४१९ ला, म्हणून आच बेताची ठेवली तर शिशाचं पाणी होतं आणि जस्त वर तरंगत राहतं, पळीने उचलून टाकायचं. हे कळायच्या आधी मी एकदा भांडं जास्त तापवलं आणि सगळ्याचा शिरा झाला, पाच किलो, ओतता येईना की फेकता येईना. अजून पडलाय नाखव्याच्या अंगणात, त्याची नाखवीण त्यावर मिरचीचा खलबत्ता ठेवायची म्हणत होती, मी हात जोडले.

पहिल्या दिवशी आलेली वजनं बघून नाखवा इतका हसला की त्याला ठसका लागला. सुरकुतलेली, शंभरीच्या म्हातारीच्या गालासारखी. साचा थंड असला की रस आत शिरता शिरताच गोठतो आणि असं होतं. उपाय एकच, पहिली दहा-बारा वजनं वाया जाणार हे धरून चालायचं, पाडत राहायचं, साचा आपोआप तापतो. मग एका क्षणी एकदम नीट यायला लागतात, आरशासारखी. आणि अजून पुढे गेलात तर साचा जास्त तापतो आणि वजनावर पांढुरकं धुकं धरतं, मग जरा थांबायचं, चहा घ्यायचा. चहा हात धुतल्याशिवाय घ्यायचा नाही, त्याच्यावर येतो मी. साच्याला आतून मेणबत्तीची काजळी धरली की सुटतात पण छान. आणि भांड्यात मेणाचा एक तुकडा टाकून ढवळलं की कचरा वर येतो, भपकन जाळ होतो त्याला घाबरायचं नाही, खालून जे शिसं निघतं ते एवढं स्वच्छ की त्यात अंगणातला माड दिसतो, उलटा.

आणि आता ती टिकली. जुलै होता. आम्ही पडवीत होतो, वर पत्रा, पाऊस थांबलेला, आम्हाला वाटलं ठीक आहे. पळी मी कठड्यावर ठेवलेली. तिच्या दांड्याच्या सांध्यात पाण्याचा एक थेंब अडकला असणार, एकच, मी वरवर पुसली पण होती, आणि तशीच खाली बुडवली. फट्ट! दिवाळीतला लवंगी नव्हे, त्याच्या वरचा. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पट वगैरे फुगतं, आणि ते शिशाच्या खाली असेल तर वरचं सगळं शिसं घेऊन उठतं. मला आठवतंय ते फक्त एवढं की हवेत चांदीचे तुकडे दिसले आणि मी डोळे मिटायच्या आत ते खाली पडलेले होते. पत्र्यावर, भिंतीवर, माझ्या बाहीवर, नाखव्याच्या लुंगीला दोन भोकं. मनगटावर एक डाग आहे अजून. नाखवा कोळ्यांची एक ठेवणीतली शिवी देऊन गप्प बसला आणि मग दोन मिनिटांनी म्हणाला, "चष्मा बघ." काढून बघितला तर ती टिकली.

तेव्हापासून पळी आधी भांड्याच्या काठावर दहा मिनिटं तापवायची, मगच आत. नवीन तुकडा टाकायचा तो पण तापवूनच, थंड शिशाला पण मुंबईच्या हवेत घाम येतो. पूर्ण बाह्या, चामड्याचे हातमोजे, बूट, चष्म्यावर अजून एक गॉगल. आणि जून ते सप्टेंबर बंद म्हणजे बंद.

बायकोचे नियम वेगळे. तिचा धुराचा धसका मी थोडा कमी केला, शिसं उकळायला साडेसतराशे डिग्री लागतात, आपण चारशेच्या खाली, वाफा होत नाहीत. पण ती म्हणाली मग ती राखाडी पावडर कसली, आणि तिथे मी फसलो, कारण खरा धोका तोच, वर येणारा मळ, तो हाताला लागतो आणि हात तोंडाला. मुलगी सहा वर्षांची आहे. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानत नाहीत, अमेरिकेत २०२१ पासून साडेतीन मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर गेलं की लक्ष घालतात. म्हणून ओतायचे कपडे वेसाव्यालाच राहतात, तिथेच आंघोळ, मग मेट्रो. मळ झाकणाच्या डब्यात, अंगणात झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. मी माझं रक्त तपासून घेतलं, ६ आलं. डॉक्टरांनी विचारलं काय करता, मी म्हटलं नेमबाजी आणि मासेमारी, ते म्हणाले यातलं एक कमी करा. रेंजवर पण छर्रे हाताळून तसाच वडापाव खायचो मी, सात वर्षं. आता साबण घेऊन जातो, लोक हसतात.

आणि हो, एक टोचणी आहे. ब्रिटनमध्ये १९८७ पासून गळाच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, हंस ती गिळून मरायचे म्हणून. माझी वजनं मोठी, हंस बँडस्टँडला नाहीत, पण खडकात माझं किती किलो शिसं पडलंय त्याचा हिशोब मी केलाय आणि तो इथे लिहीत नाही. हल्ली खडकांवर वजनाच्या जागी दगड बांधतो, नाखव्याचे आजोबा बांधायचे तसा, कच्च्या दोऱ्याने, अडकला की दगडच तुटतो. शिसं फक्त वाळूवर.

तर पेटी. एवढं सगळं शिकल्यावर मला बाबांच्या पेटीतला धातू ओतून बघायची जी हुक्की आली ती काही जाईना. विचारायला धीर होत नव्हता. कानात तापलेलं शिसं ओतावं तसं त्यांना लागेल असं वाटलं. शेवटी एका संध्याकाळी म्हटलं, बाबा, त्यातले थोडे वितळवून बघू का, गळाला वजन करायला. ते बराच वेळ गॅलरीतून खाली बघत होते. मग उठले, पेटी ओढायला लावली, चष्मा कपाळावर चढवला आणि खिळे हाताने चाळायला लागले, बघत पण नव्हते, बोटांनीच. एका बाजूला ढीग व्हायला लागला. "कोऱ्या घे," म्हणाले, "अक्षरं नको."

कोऱ्या म्हणजे शब्दांच्या मध्ये जागा सोडायला जे बिनअक्षरी तुकडे लावतात ते. उंचीला खिळ्यापेक्षा कमी असतात म्हणजे त्यांना शाई लागत नाही आणि कागदावर उमटत नाहीत. एकतीस वर्षं बाबांनी जेवढी अक्षरं लावली तेवढ्याच बहुतेक या कोऱ्या लावल्या असतील आणि त्यातली एकही कोणी वाचलेली नाही. ढीग करता करता त्यांचं बोलणं चालूच. वेलांटीचा बाहेर आलेला भाग कसा तुटायचा. रफार कसा उडून जायचा. मालकाने एकदा हिंदीसाठी ओतलेला फाँट स्वस्तात उचलून आणला आणि त्यात "ळ" जेमतेम मूठभर, आणि काम कसलं तर एका भजनी मंडळाची स्मरणिका, मंडळ, टाळ, माळ, तुळशीमाळ, पानापानावर ळ. संपले की बाबा त्या जागी दुसरा कुठलातरी खिळा उलटा लावून ठेवायचे, पायाचा काळा ठोकळा उमटायचा, आणि मग एक फर्मा, एकदम छापायच्या पानांचा गठ्ठा, छापून सोडला की त्यातले ळ काढून पुढच्यात. "चोवीस पानांना नऊ दिवस घेतले त्या ळ ने," म्हणाले.

दीड किलो कोऱ्या भरल्या. वेसाव्याला नेल्या, भांडं घासून घेतलं, आच लावली. शिशाच्या कितीतरी आधी पाघळल्या, मीटरकडे बघेपर्यंत पाणी. आणि ओतताना फरक हाताला कळतो, रस जास्त पातळ, पळीतून पाण्यासारखा सांडतो. साचा उघडला आणि मी नाखव्याला हाक मारली. लेथवाल्याच्या हत्याराच्या रेघा, ज्या मला साच्यात बोटाला पण लागत नव्हत्या, त्या वजनावर उमटल्या होत्या. एक न एक रेघ.

कामाची किती, तर शून्य. म्हणजे वजन म्हणून वाईट. नाखव्याने एक उचलून खडकावर आपटलं तर दोरी ओवायच्या कानाचा तुकडाच पडला. शिशाचं वजन आपटलं की चेपतं, हे तुटतं. छोटे दाणे पाडून दोऱ्यावर पकडीने दाबायला गेलो तर बिस्किटासारखे दुभंगले. गळाला मऊ शिसंच हवं, हा टणकपणा त्या आजोबांच्या वेगवान गोळ्यांना हवा, आणि अक्षरांना. नाखवा म्हणाला, उगाच म्हाताऱ्याचा माल वाया घालवलास.

आठ वजनं चांगली आली होती, ती गळाला न लावता गिरगावात घेऊन गेलो. बाबांनी एक हातात घेतलं, खिडकीकडे धरलं, अंगठ्याचं नख कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं, दोनदा. मी लहान असताना ते नवीन आलेल्या खिळ्यांच्या पुड्या सोडून असंच बघायचे.

"कड चांगली धरलीय," म्हणाले. मग ते वजन शर्टाच्या खिशात टाकलं, खिसा खाली ओघळला.

"ळ येईल का रे तुला ओतता?"

मी म्हटलं, साचा करावा लागेल.

"मग करून घे की. साकीनाक्याचा तो माणूस आहे ना तुझा."